लग्न आठ महिन्यांवर आलंय, दात पुढे आहेत : कॅप बसवू की तार लावू?

पत्र : डॉक्टरताई, मी २६ वर्षांची आहे, कराडला शाळेत शिकवते. माझे वरचे दात पुढे आहेत आणि खालचे एकमेकांवर चढलेत. ओठ मिटायचे तर मुद्दाम जोर लावावा लागतो. फोटोत मी हसत नाही. आता लग्न ठरलंय, आठ महिन्यांनी आहे, आणि नंतर नाशिकला राहायचंय. एका डॉक्टरांनी सांगितलं की चार दात काढून तार लावावी लागेल, दोन वर्षं लागतील आणि पन्नास हजार खर्च येईल. दुसरे म्हणाले, वरच्या पुढच्या सहा दातांना रूट कॅनाल करून कॅप बसवू, पंधरा दिवसांत काम होईल. आईला वाटतं, लग्नात तार दिसली तर लोक काय म्हणतील. आजी म्हणते, वरचे दात काढले की नजर जाते. या वयात तार लावून उपयोग होतो का? चांगले दात काढणं बरोबर आहे का? होणाऱ्या नवऱ्याला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. मी काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रात बरेच प्रश्न आहेत, पण घाईचा एकच आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. त्या सहा दातांना कुणालाही हात लावू देऊ नकोस.

कॅप बसवायची तर दात चहूबाजूंनी कोरावा लागतो, साधारण दीड ते दोन मिलिमीटर. हे कोरलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं टणक कवच, शरीर पुन्हा कधीच तयार करत नाही. तुझ्यासारखा पुढे आलेला दात कॅपच्या जोरावर मागे आहे असं दाखवायचं, तर त्याहूनही जास्त कोरावं लागतं, इतकं की आतली नस उघडी पडते. म्हणून तर रूट कॅनाल आधीच सुचवलंय. त्या दातांना कीड नाही, ते दुखत नाहीत, हलत नाहीत. अशा सहा जिवंत दातांची नस काढायची, ती केवळ मांडवातल्या फोटोंसाठी! बरं, कॅप जन्मभर टिकत नाही. दहा-पंधरा वर्षांत, कधी त्याआधीही, ती बदलावी लागते. तू आज २६ची आहेस. चाळिशीत एकदा, पन्नाशीत पुन्हा, आणि दर वेळी खाली उरलेला दात आणखी थोडा कमी झालेला.

शिवाय तुझी मूळ तक्रार त्यातून सुटतच नाही. तुझे ओठ मिटत नाहीत, कारण दात मुळासकट आणि भोवतीच्या हाडासकट पुढे आलेत. कॅपने मूळ जागचं हलत नाही. भिंत कललेलीच ठेवायची आणि वरून गिलावा सरळ करायचा, असा हा प्रकार आहे. पंधरा दिवसांनी आरशात दात एका रांगेत दिसतील, पण ओठ मिटायला आजच्याइतकाच जोर लावावा लागेल. अपघातात तुटलेला किंवा किडीने पोखरलेला दात असता, तर कॅप घे असं मीच सांगितलं असतं. तुझे दात धडधाकट आहेत.

आता वयाचं. दात हाडाला चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, पाव मिलिमीटरहूनही कमी जाडीचा. तारेने दातावर हलका दाब सतत ठेवला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड शरीर विरघळवतं, आणि ज्या बाजूला ताण पडतो तिथे नवं हाड बांधतं. त्यामुळे दात सरकतो आणि त्याचं हाडही त्याच्याबरोबर नव्याने घडत जातं. हे काम बाराव्या वर्षी होतं तसं पन्नाशीतही होतं, फक्त हिरड्या आणि हाड निरोगी हवं. फरक पडतो तो जबड्याच्या वाढीचा. मुलांचा जबडा वाढत असतो, म्हणून त्या वाढीला थोडी दिशा देता येते. तुझी वाढ पूर्ण झालीय. दोष फक्त दातांत असेल तर तारेने काम होईल. जबडाच फार पुढे किंवा मागे असेल, तर तारेच्या जोडीला शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. यातलं तुझं काय आहे, ते चेहऱ्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवरून ठरतं. त्याला सेफॅलोग्राम म्हणतात. तो न काढता कुणी चार दात काढायला सांगितले असतील, तर आधी तो काढायला सांग.

दोन वर्षं का लागतात, तेही समजून घे, म्हणजे दर महिन्याला ‘अजून किती?’ असं वाटणार नाही. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. काढलेल्या दाताची जागा सुमारे सात मिलिमीटरची असते. पहिले काही महिने बारीक, लवचिक तारेने वेडेवाकडे दात ओळीत आणण्यात जातात. मग जाड, कडक तार घालून ती जागा हळूहळू बंद करायची, आणि शेवटी वरचे-खालचे दात एकमेकांत नीट बसवायचे. ही बेरीज केली की दीड ते दोन वर्षं होतात, कधी थोडी जास्त. जोर वाढवला म्हणून दात लवकर सरकत नाही. उलट त्या पातळ थरातला रक्तपुरवठा दबतो, दात अडून बसतो आणि मुळांची टोकं झिजायचा धोका वाढतो. ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा; तार त्यात बारीक रबराने अडकवतात. रबराशिवायच्या, स्वतःच बंद होणाऱ्या ब्रॅकेटने उपचार निम्म्या वेळात संपतात अशी जाहिरात तुला दिसेल. संशोधनांत तसा फरक दिसलेला नाही. चार दात काढून सहा महिन्यांत सगळं पूर्ण करून देतो असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून ये.

चांगले दात काढावेत का, हा प्रश्न आमच्या शास्त्रालाही छळत आलाय. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याच्या शास्त्राचे, जनक मानले जाणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल दात काढण्याच्या ठाम विरोधात होते. बत्तीसच्या बत्तीस दात ओळीत बसवलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी काही वर्षं तसेच उपचार केले, आणि आपल्याच अनेक रुग्णांचे दात पुन्हा वाकडे झालेले, ओठ पुढे आलेले त्यांना दिसले. मग त्यांनी त्या रुग्णांच्या सुळे आणि दाढा यांच्यामधल्या पहिल्या उपदाढा काढून उपचार नव्याने केले आणि १९४०च्या सुमारास ते सगळ्यांपुढे मांडले. गुरूच्या मताविरुद्ध जाणं सोपं नव्हतं, पण रुग्णांचे चेहरे त्यांच्या बाजूने बोलत होते. तेव्हापासून उपदाढा सरसकट काढायच्या नाहीत आणि सरसकट राखायच्याही नाहीत, चेहरा बघून ठरवायचं, अशी रीत पडली.

काढतात ती बहुधा सुळ्यामागची पहिली उपदाढ, म्हणजे मधल्या रेषेपासून चौथा दात. ती दाटीच्या अगदी जवळ असते, आणि तिच्या मागची दुसरी उपदाढ चावण्याचं तिचं काम उचलते. जागा भरून आल्यावर तिथे दात होता हे ओळखूही येत नाही. तू लिहिलंयस त्यावरून, म्हणजे वरचे दात पुढे, खाली दाटी आणि ओठ न मिटणं, चार दात काढायचा सल्ला मला योग्य वाटतो. तरी तुझ्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचार. दात न काढता, दातांच्या कडा किंचित घासून किंवा हाडात छोटा स्क्रू बसवून सगळे दात मागे घेऊन हे साधेल का? आणि दात मागे गेल्यावर माझा चेहरा बाजूने कसा दिसेल? ओठ नको तेवढे आत गेले तर चेहरा चपटा दिसतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एक्स-रे समोर ठेवूनच घे.

आजीला सांग की वरच्या दातांची नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दातांची संवेदना चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या नसेच्या एका फांदीतून मेंदूकडे जाते, नजर डोळ्यामागून निघणाऱ्या स्वतंत्र नसेतून जाते. पूर्वी दात पडायचं वय आणि डोळ्यांत मोतीबिंदू यायचं वय एकच असायचं, त्यातून हा समज रुजला असावा. आजीला खोटं पाडू नकोस. दात काढायच्या दिवशी तिला सोबत ने आणि डॉक्टरांनाच तिच्याशी बोलू दे.

आता तारीख. तुला तार लगेच लाव असं मी म्हणेन, अशी तुझी अपेक्षा असेल. पण माझा सल्ला आहे, लग्नानंतर लाव, आणि नाशिकलाच लाव.

आज सुरुवात केलीस तर आठ महिन्यांनी तुझे दात सरळ झालेले नसतील. उलट काढलेल्या दातांच्या जागा तेव्हा निम्म्याच भरलेल्या असतील, म्हणजे ज्या फोटोंची आईला काळजी आहे, नेमके तेच फोटो अवघड टप्प्यावर निघतील. त्याहून मोठी अडचण गाव बदलण्याची. तार लावली की दर चार ते सहा आठवड्यांनी दाखवावंच लागतं. कराड-नाशिक अंतर बघता, नव्या घरातून दर महिन्याला माहेरी येणं तुला जमेल का, हे तूच ठरव. मला कठीण वाटतं. उपचार अर्ध्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे नेता येतात, पण प्रत्येकाचे ब्रॅकेट आणि कामाची पद्धत वेगळी असते. नवे डॉक्टर कधी सगळं काढून पुन्हा बसवतात, पैसेही पुन्हा भरावे लागतात आणि महिने वाया जातात. लग्न होऊन गाव बदललं आणि तार तशीच तोंडात राहिली, तपासणीला कुणी नेलंच नाही, अशा मुली माझ्या खुर्चीत येऊन बसल्यात. ब्रॅकेटभोवती कीड, सुजलेल्या हिरड्या, अर्धवट बंद झालेल्या जागा. तुझं तसं होऊ नये. २६व्या वर्षी आठ-दहा महिने थांबल्याने दातांचं काही बिघडत नाही.

नाशिकला गेल्यावर बाळाचा विचार लवकर असेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांग. गरोदरपणात तार चालते, पण तेव्हा हिरड्या सहज सुजतात, स्वच्छता जास्त ठेवावी लागते, आणि एक्स-रे, दात काढणं ही कामं आधीच उरकलेली बरी.

मग या आठ महिन्यांत काय करायचं? पुष्कळ आहे. दात आणि हिरड्यांची नीट सफाई करून घे, खालच्या दाटीत किटण साचलेलं असणारच. कुठे कीड असेल तर भरून घे. अक्कलदाढांचं काय चाललंय ते बघण्यासाठी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढून घे. स्वच्छ, गुलाबी हिरड्या आणि नितळ दात घेऊन लग्नाला उभी राहा आणि खुशाल हस. पुढे आलेल्या दातांनी हसणारा चेहरा, ओठ दाबून धरलेल्या चेहऱ्याहून केव्हाही छान दिसतो. हे मी समजूत काढायला लिहीत नाही, रोज चेहरे बघून लिहिते.

डॉक्टर निवडताना पाहा की त्यांनी बीडीएसनंतर, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीनंतर, ऑर्थोडॉन्टिक्समध्येच एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलीय का. तो तीन वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम असतो. खर्च लेखी माग, आणि त्यात रिटेनर, म्हणजे तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन, धरलाय का, ब्रॅकेट निघालं तर वेगळे पैसे का, हप्ते कसे, हे आधीच विचार. पन्नास हजार जड जात असतील तर दंत महाविद्यालयाचा पर्याय आहे. मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, इथे खर्च खूप कमी येतो. नाशिकमध्ये खासगी दंत महाविद्यालय आहे, तिथेही दवाखान्यापेक्षा कमी पैशांत काम होऊ शकतं. उपचार एमडीएस करणारे विद्यार्थी करतात, पण प्रत्येक टप्पा प्राध्यापक तपासतात. वेळ मात्र जास्त जातो, रांग असते, आणि विद्यार्थी शिकून बाहेर पडला की मध्येच डॉक्टर बदलू शकतात. तुझी शाळेची नोकरी नाशिकला चालू राहणार असेल तर सुट्ट्यांचा हिशोब करून ठरव.

पारदर्शक अलाइनरबद्दल, म्हणजे तारेऐवजी दातांवर चढवायच्या, काढता-घालता येणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यांबद्दल तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी सुचवेलच. दिवसाचे वीस-बावीस तास ते घालावे लागतात, आणि चार दात काढून जागा बंद करायची असेल तर त्यांनी काम अवघड होतं. तुझ्यासाठी साधी तारच बरी. घरी ठसा घेऊन कुरिअरने येणाऱ्या सेटच्या वाटेला तर जाऊच नकोस. आणि मोबाइलवर बघून दातांभोवती रबर अडकवणं हा तर भयंकर प्रकार आहे. ते रबर हिरडीखाली सरकत जातं, हाड खातं, आणि चांगला दात हातात येतो.

तार लागल्यावर पहिले तीन-चार दिवस दात ठणकतील, चावताना जास्त. मऊ भात, खिचडी, उपीट, दुधात कुस्करलेली भाकरी खा. ठणका सोसवेना तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घे. गालाला ब्रॅकेट घासलं तर त्यावर लावायचं मेण मिळतं, ते पर्समध्येच ठेव. पुढे सगळं खाता येतं, फक्त कडक आणि चिकट नको. ऊस, चिक्की, कडक बुंदीचा लाडू, बर्फ, दातांनी सोलून खायचं कणीस, हे दोन वर्षं बाजूला. पेरू-सफरचंदाच्या पातळ फोडी करून मागच्या दातांनी खा. चकलीचा मोह झालाच तर आमटीत किंवा दह्यात भिजवून खा. निघालेलं प्रत्येक ब्रॅकेट म्हणजे काही आठवडे मागे जाणं.

आपल्या स्वयंपाकघराला धरून एक सांगते. दिसू नयेत म्हणून दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट घेतलेस, तर त्यांवरची पारदर्शक रबरं हळदीने एका जेवणात पिवळी होतात. ब्रॅकेट तसंच राहतं, रबर रंगतं, आणि लांबून दात पिवळे दिसतात. करडी किंवा चंदेरी रबरं माग. दर भेटीत ती बदलतातच.

दिवसातून दोनदा नीट घासणं आणि प्रत्येक खाण्यानंतर खळखळून चूळ भरणं, यात सूट नाही. फ्लोराइडची पेस्ट वापर. ब्रॅकेटच्या वर आणि खाली ब्रश तिरका धर, तारेखालून फिरवायला दातांमधला छोटा ब्रश घे. मुख्य धोका गोड चहा-बिस्किटांचा आहे. शिक्षकांच्या खोलीत दिवसातून चार वेळा चहा होतो, हे मला माहीत आहे. त्या साखरेतून ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात. तार काढल्यावर दात सरळ होतात, पण प्रत्येकावर चौकोनी डागाची चौकट उरते, आणि ती पूर्ण जात नाही.

तार निघाली की उपचार संपले, असा समज मला फार छळतो, कारण सगळे कष्ट तिथेच वाया जातात. भोवतालचे तंतू दाताला जुन्या जागी ओढत असतात, त्यांना सैल व्हायला महिनोन् महिने लागतात. शिवाय वयानुसार खालच्या पुढच्या दातांची दाटी होत राहते, ज्यांनी कधीच तार लावली नाही त्यांच्याही. म्हणून रिटेनर. सुरुवातीला जवळजवळ दिवसभर, मग रात्रीचा, आणि रात्रीचा तो पुढेही चालूच ठेवायचा. खालच्या दातांच्या मागे बारीक तार चिकटवून घ्यायला सांग, ती कुणाला दिसत नाही. प्लास्टिकचा रिटेनर गरम पाण्याने धुऊ नकोस, वाकतो. जेवताना काढलास तर डबीतच ठेव, कागदी रुमालात गुंडाळलेला रिटेनर कचऱ्यात जातो.

होणाऱ्या नवऱ्याला आताच सांग. लाजण्यासारखं यात काही नाही, आणि पुढची दोन वर्षं दर महिन्याचा दवाखाना, वेगळं जेवण, हप्ते, हे तुमच्या दोघांच्या घरात घडणार आहे. त्याच्याबरोबरच नाशिकच्या एक-दोन ऑर्थोडॉन्टिस्टना लग्नाआधी भेटून ये. नवीन गावातलं पहिलं काम ठरलेलं असेल. आईला सांग की लग्नात तार दिसणार नाही, तिची तेवढी काळजी मिटली. आणि कॅप सुचवणाऱ्या डॉक्टरांकडे आगाऊ पैसे भरले असशील, तर ते परत माग. काम सुरू झालेलं नसताना संकोच करायचं कारण नाही. कराडला ओपीजी काढशील तेव्हा त्याची मोबाइलवरची प्रत स्वतःकडे ठेव, नाशिकच्या डॉक्टरांना ती पहिल्याच भेटीत लागेल.